भ्रमणध्वनीचे जाळे : परिभाषेची ओळख

स्वस्त धान्य दुकानातील यंत्राचा जाळ्याशी संपर्क झाला नाही, तर शिधापत्रिकाधारकाच्या अंगठ्याची पडताळणी होत नाही आणि मजुरी बुडवून आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने परतण्याची वेळ येते. मग ग्रामसभेत 'गावात रेंज नाही' असा ठराव होतो. परंतु या एका वाक्यात चार निरनिराळे दोष दडलेले असू शकतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. दोष अचूक सांगता यावा, यासाठी काही संज्ञा समजावून घेणे इष्ट ठरेल.

कोश आणि मनोरा

भ्रमणध्वनी हा वस्तुतः एक लहानसा बिनतारी संच होय. सेवाक्षेत्राचे मधाच्या पोळ्याप्रमाणे लहान लहान भाग पाडलेले असतात. अशा भागास 'सेल' म्हणजे कोश म्हणतात. मनोऱ्यावरील यंत्रे कोशाकोशांना सेवा देतात. प्रवासात एका कोशातून दुसऱ्यात जाताना संभाषण न तुटता पुढील मनोऱ्याकडे सोपविले जाते. यास 'हँडओव्हर' अशी संज्ञा आहे.

वारंवारता पट्टा

रेडिओ लहरींची वारंवारता मेगाहर्ट्झमध्ये मोजतात. ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूरवर जातात व घराच्या भिंतींतूनही बऱ्यापैकी आत शिरतात. ३,३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात माहिती अधिक वेगाने वाहून नेता येते. मात्र तिचा पल्ला कमी असतो. १ ऑक्टोबर २०२२ रोजी भारतात सुरू झालेल्या फाइव्ह-जी सेवेत असे दोन्ही प्रकारचे पट्टे वापरले जातात. येथे 'जी' म्हणजे तंत्रज्ञानाची पिढी.

डोंगर मात्र दोन्ही प्रकारच्या लहरींना अडवितो. त्यामुळे सह्याद्रीच्या खोऱ्यात मनोरा नकाशावर जवळ दिसला, तरी मध्ये डोंगराची सोंड असल्यास वाडीला सेवा मिळत नाही.

संकेतबल

मनोऱ्याकडून येणाऱ्या लहरींची तीव्रता म्हणजे संकेतबल. ते 'डीबीएम' या एककात, वजा चिन्हासह दर्शवितात. वजा ८० हे चांगले, तर वजा ११० हे क्षीण समजावे. या दोहोंत हजार पटींचा फरक आहे. हा आकडा बहुतेक स्मार्टफोनच्या सेटिंगमध्ये पाहता येतो. पडद्यावरील उभ्या रेघा सर्व संचांवर सारख्या मापाने दाखविल्या जात नाहीत. म्हणून आकडाच नोंदवावा.

क्षमता आणि गर्दी

कोशाची क्षमता त्यातील सर्व ग्राहकांत वाटली जाते. बाजाराच्या किंवा जत्रेच्या दिवशी रेघा पूर्ण असूनही इंटरनेट चालत नाही, याचे कारण बहुधा गर्दी हे असते. वेग मोजताना 'मेगाबिट' व 'मेगाबाइट' यांत गल्लत होऊ देऊ नये. ८ बिट मिळून १ बाइट होतो; म्हणून ८ मेगाबिट वेगाने एका सेकंदात १ मेगाबाइट माहिती येते.

मनोऱ्यामागील दुवा

भ्रमणध्वनीपासून मनोऱ्यापर्यंतचा प्रवासच बिनतारी ग्राहकाच्या लक्षात येतो. मनोऱ्यापासून पुढे माहिती ऑप्टिकल फायबरने किंवा मायक्रोवेव्ह लहरींनी जाते. यास 'बॅकहॉल' म्हणतात. रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटली, की सुस्थितीतील मनोराही निरुपयोगी होतो. वीज दीर्घकाळ खंडित होऊन बॅटऱ्या उतरल्यासही मनोरा बंद पडतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या प्रकल्पास केंद्र शासनाने २०११ मध्ये मंजुरी दिली. तोच पुढे 'भारतनेट' या नावाने ओळखला जाऊ लागला. ही फायबर कार्यालयात आली, म्हणून गावातील भ्रमणध्वनीचे संकेतबल आपोआप वाढत नाही.

तक्रार कशी लिहावी

तक्रारीत वाडीचे नाव व ठिकाण, कंपनी, सेवेची पिढी, संकेतबलाचा आकडा, दिवस व वेळ नमूद करावी. दोष सतत आहे, ठरावीक वेळी येतो की वीज गेल्यावर येतो, हेही लिहावे. सतत क्षीण संकेत असल्यास नव्या मनोऱ्याची, ठरावीक वेळी वेग मंदावत असल्यास क्षमतावाढीची, तर वीज गेल्यावर सेवा बंद पडत असल्यास बॅटरी वा जनित्राची मागणी करणे उचित होय. अचानक सर्वच सेवा थांबल्यास आसपास खोदकाम झाले आहे काय, ते प्रथम पाहावे.

२०१२ च्या नियमांनुसार तक्रार प्रथम कंपनीच्या तक्रार केंद्राकडे नोंदवून तिचा क्रमांक घ्यावयाचा असतो. निराकरण न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून वाडीवार संकेतबलाची नोंद करून घेतल्यास विज्ञानाचा एक प्रात्यक्षिक पाठ होईल आणि ग्रामसभेच्या ठरावास आकड्यांचा आधारही मिळेल.