बँकेतलं हाड जुळेल का?

प्रश्न : वडिलांच्या खुब्याच्या सांध्याची पुन्हा शस्त्रक्रिया आहे. गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेलं दात्याचं हाड बसवणार आहेत. असं 'मेलेलं' हाड जुळतं का?

उत्तर : जुळतं. टिश्यू बँकेतलं (दात्याचं) हाड तसंही जिवंत नसतंच, ते परांचीसारखं. वडिलांच्या रक्तवाहिन्या, पेशी त्यात शिरतात, जुनं पोखरत नवं रचतात. तुकडा मोठा असेल तर याला वर्षं लागतात, गाभा बहुधा तसाच राहतो. गॅमा किरणांच्या नेहमीच्या २५ किलोग्रे मात्रेने हाडातलं कोलॅजन दुखावतं, हाड काहीसं ठिसूळ होतं. मात्रा वाढली की जास्तच. ऑटोक्लेव्हमध्ये उकडलेल्या हाडाची अवस्था मात्र याहून वाईट. मुंबईच्या टाटा मेमोरियलची टिश्यू बँकही गॅमा किरणच वापरते. वडील विडी-सिगारेट ओढत असतील, तर हाड जुळावं म्हणून ती आजच बंद करा. आणि डॉक्टर सांगतील तोवर त्या पायावर पूर्ण भार नको.