जुनं घड्याळ विकताय? आधी खरं सांगा!

मागच्या व्हिडिओत आपण जुन्या वस्तूंचा ऑनलाइन लिलाव पाहिला. आज त्यातला नाजूक मुद्दा : माल अस्सल आहे का, हे गिऱ्हाईकाला किती सांगायचं?

एचएमटीचंच उदाहरण घ्या. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळूरला ही घड्याळं बनू लागली. महाड-पोलादपूरच्या कितीतरी कपाटांत आजोबांचं चावीचं ‘जनता’ किंवा ‘पायलट’ अजून पडून असेल. २०१६ मध्ये केंद्र सरकारने ही घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय घेतला आणि शौकिनांची मागणी वाढली.

मागणीमागोमाग लबाडी आली. जुनी डायल खरवडून नवा रंग, नवी अक्षरं छापली की झालं ‘रिडायल’. चार घड्याळांचे भाग जोडून पाचवं उभं करतात, ते वेगळंच. परदेशी शौकीन अशा मालाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. बघा, काही जणांची लबाडी, बदनाम आख्खं शहर!

रिडायल म्हणून सांगून विकण्यात लाज नाही, ते ‘ओरिजिनल’ म्हणून खपवण्यात आहे. हिशोब करा. समजा, खरं सांगून १,५०० रुपये मिळतात आणि खोटं बोलून ३,०००. गिऱ्हाईकाने घड्याळजीकडून झाकण उघडून घेतलं की संपलं. पैसे परत, दोन्ही वेळचं कुरिअर आपल्या खिशातून, आणि पुढची दहा गिऱ्हाईकं गेली ती गेलीच.

म्हणून चार नियम पाळा :

१. फोटो : डायल, मागचं झाकण आणि आतलं मशीन, तिन्हींचे काढा. ओरखडे लपवू नका.

२. बदललेले भाग : काच, काटे, चावी, पट्टा, जे बदललं ते लिहा. माहीत नसेल तर ‘खात्री नाही’ असं लिहा.

३. पाणी : जुलै २०२१ च्या पुरात महाडची बाजारपेठ बुडाली होती. घड्याळ तेव्हा भिजलं असेल तर सांगाच. आतला गंज उशिरा दिसतो.

४. बोली : मित्राला खोटी बोली लावायला सांगून भाव चढवू नका.

आणि हो, दुरुस्त केलेला किंवा जुना माल नवा म्हणून विकणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे.

आजचा गृहपाठ : घरातलं एक जुनं घड्याळ घ्या. त्याच्या तीन उणिवा आधी लिहा, मग तीन गुण. हीच तुमची पहिली जाहिरात!