ट्राम ते भुयारी मेट्रो : मुंबईकरांचा रोजचा प्रवास

३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरकडे शेवटची ट्राम निघाली, तेव्हा तिला निरोप देण्यासाठी रस्त्याच्या दुतर्फा लोक उभे होते. एक वाहन बंद होते म्हणून अवघ्या शहराने हळहळावे, हे ग्रामीण भागातील वाचकास काहीसे नवलाचे वाटेल. परंतु मुंबईत घर कोठे घ्यावे, मुलांना कोणत्या शाळेत घालावे, आलेली नोकरी स्वीकारावी की नाही, याचे निर्णय पुष्कळदा गाडी आणि बस पाहूनच घेतले जातात. साहजिकच वाहतुकीतील प्रत्येक फेरबदल थेट घरात येऊन पोहोचतो.

या व्यवस्थेचा इतिहास थोडक्यात असा. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही देशातील पहिली प्रवासी आगगाडी धावली. ९ मे १८७४ रोजी घोड्यांनी ओढावयाची ट्राम सुरू झाली आणि १९०७ मध्ये घोड्यांची जागा विजेने घेतली. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर पहिली बस आली, तर १९३७ मध्ये दुमजली बस. ट्राम चालविणारी कंपनीच शहरास वीज पुरवीत असे. ७ ऑगस्ट १९४७ रोजी महानगरपालिकेने ती ताब्यात घेतली आणि वीज व वाहतूक यांचा हा जोडसंसार 'बेस्ट' या नावाने पुढे चालू राहिला. त्याचा एक परिणाम फार काळ टिकला. बसच्या धंद्यात येणारी तूट विजेच्या उत्पन्नातून भरून निघत असे. पुढे वीज क्षेत्राचे नियम बदलले, ही सोय संपुष्टात आली आणि बससेवेच्या आजच्या अडचणींना खऱ्या अर्थाने सुरुवात झाली.

काही बदल मात्र प्रवाशांना कळतही नाहीत. उपनगरी रेल्वेचे विद्युतीकरण १९२५ मध्ये व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या बंदर मार्गावर झाले, ते १,५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर. गाड्या लांबल्या, फेऱ्या वाढल्या, तसा हा प्रवाह अपुरा पडू लागला. पश्चिम रेल्वेवर २०१२ पर्यंत आणि मध्य रेल्वेवर त्यानंतरच्या काही वर्षांत तो बदलून २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आणण्यात आला. धावती रेल्वे फारशी न थांबवता, रात्रीच्या थोड्या तासांत केलेले हे काम अभियंत्यांच्या कौतुकास पात्र आहे. वृत्तपत्रांतून त्याची चर्चा मात्र बेताचीच झाली.

मुंबईकरांच्या प्रवासाच्या रीतीभाती हा तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरावा. येथे गाडीला नावाने ओळखत नाहीत, वेळेने ओळखतात. 'आठ बत्तीस चुकली' एवढे म्हटले की ऐकणारा सहानुभूतीने मान हलवितो. कोणत्या डब्यात चढले असता उतरल्यावर नेमका जिना समोर येतो, हे नेहमीच्या प्रवाशास पाठ असते. तिघांच्या बाकावर चौथ्याने टेकावयाचे, हा कोणत्याही नियमपुस्तकात नसलेला नियम सर्वांना मान्य आहे. खिडकीच्या दोन बाजूंपैकी वाऱ्याची बाजू कोणती, हे गाडी सुटण्यापूर्वीच ठरलेले असते. संध्याकाळी बसावयास जागा मिळावी म्हणून काहीजण आधी उलट दिशेने शेवटच्या स्थानकापर्यंत जातात आणि त्याच गाडीने परततात. काही डब्यांत टाळांच्या गजरात भजने चालतात. महिलांच्या डब्यात मटार सोलले जातात, भाजी निवडली जाते; घरी पोहोचेपर्यंत निम्मा स्वयंपाक उरकलेला असतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी नेहमीच्या डब्याला झेंडूची तोरणे बांधून त्याची पूजा होते. शेतकऱ्याने औताची करावी, तशीच ही पूजा.

या आपलेपणाला एक भीषण बाजूही आहे आणि ती झाकून चालणार नाही. उपनगरी मार्गांवर रूळ ओलांडताना, गाडीतून पडून वा अन्य कारणांनी मृत्युमुखी पडणाऱ्यांची एकूण संख्या २०२३ मध्येही दोन हजारांवर होती. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर पावसाच्या वेळी झालेल्या चेंगराचेंगरीत वीसहून अधिक लोकांनी प्राण गमावले. तेथील नवा पूल लष्कराने बांधून दिला व तो २०१८ च्या फेब्रुवारीत खुला झाला. त्याच वर्षी स्थानकाचे नाव प्रभादेवी झाले. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांत लटकलेले प्रवासी खाली पडले. त्यांतील किमान चौघे दगावले. त्यानंतर साध्या डब्यांनाही आपोआप मिटणारी दारे बसविण्याचा निर्णय रेल्वेने जाहीर केला. दार मिटले की पडण्याचे भय जाते, हे खरे. पण तुडुंब भरलेल्या डब्यात हवा खेळती कशी ठेवावयाची, हा प्रश्न तितकाच खरा आहे. डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या वातानुकूलित गाडीत तो उद्भवत नाही, मात्र तिचे भाडे सर्वांना परवडत नाही.

२०१४ मध्ये वर्सोवा ते घाटकोपर या मार्गाने मेट्रोचा आरंभ झाला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड ही सुमारे साडेतेहतीस किलोमीटरची भुयारी मेट्रो पूर्णपणे खुली झाली. सोय मोठी झाली, यात शंका नाही. तथापि, मेट्रोच्या पायऱ्या चढून वर आलेल्या माणसाला पुढे घरी जावयाचे असते. रिक्षाला वांद्रे आणि शीव यांच्या दक्षिणेस मज्जाव आहे. टॅक्सीचे किमान भाडे फेब्रुवारी २०२५ पासून ३१ रुपये झाले. उरते ती बस. आणि नेमकी हीच कडी कमकुवत झाली आहे. एकेकाळी साडेचार हजारांच्या आसपास असलेल्या बेस्टच्या गाड्या २०२५ मध्ये तीन हजारांच्याही खाली आल्या. त्यांतही मोठा वाटा कंत्राटदारांकडून भाड्याने घेतलेल्या गाड्यांचा. २०१९ मध्ये किमान भाडे आठ रुपयांवरून पाच रुपये केले, तेव्हा शेअर रिक्षा-टॅक्सीकडे गेलेला प्रवासी पुन्हा बसकडे वळला होता. ९ मे २०२५ पासून तेच भाडे दहा रुपये झाले. तूट पाहता भाडेवाढ अपरिहार्य म्हणता येईल. परंतु रोज चार वेळा बस बदलणाऱ्या मोलकरणीच्या हिशेबात वीस रुपयांचे चाळीस होतात, हे निर्णय घेणाऱ्यांनी विसरू नये. भाडे वाढवून गाड्या न वाढविणे हे तर प्रवाशाला दुहेरी दंड करण्यासारखे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका सहकाऱ्याच्या मातोश्री गावाहून प्रथमच मुंबईस आल्या होत्या. शिक्षण चौथीपर्यंत, इंग्रजी अक्षरओळख नाही. मुलगा कामावर गेल्यावर त्या एकट्याच बसने देवदर्शनास जाऊन परत आल्या. कसे जमले, असे विचारता म्हणाल्या, "बसच्या तोंडावर आकडा आपल्या मराठीत असतो की रे. तो वाचला आन् चढले." बेस्टच्या बसवर समोर देवनागरी अंक आणि बाजूला इंग्रजी अंक, ही पद्धत जुनीच. मेट्रोच्या स्थानकात त्याच बाईंना सुनेने हात धरून नेले, कारण तिकीट यंत्रातून काढावयाचे होते.