दिवा आणि दुर्बीण

निरभ्र रात्री ठळक तारे सर्वांच्याच दृष्टीस पडतात. परंतु त्यांच्यामधल्या काळोखात, दुर्बिणीतूनही जेमतेम दिसावेत असे धुरकट ठिपके विखुरलेले असतात. त्यांना पूर्वी सरसकट तेजोमेघ म्हणत. शार्ल मेसिये हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ धूमकेतू शोधीत असे. या ठिपक्यांमुळे धूमकेतूचा भास होई. म्हणून त्याने त्यांची यादी केली. १७८१ सालच्या त्या यादीत १०३ नोंदी होत्या. त्यानंतर १८०२ पर्यंत आणखी सुमारे २,५०० नोंदींची भर पडली. हे अचाट काम इंग्लंडमध्ये विल्यम हर्शेल आणि त्याची बहीण कॅरोलिन या दोघांनी केले.

कॅरोलिनचा जन्म १६ मार्च १७५० रोजी जर्मनीतील हॅनोव्हर येथे झाला. दहाव्या वर्षी आलेल्या मोठ्या दुखण्याने तिची वाढ खुंटली. मुलीने घरकाम करावे, तिला अधिक शिक्षण कशाला, असे आईचे मत होते. १७७२ साली विल्यमने तिला इंग्लंडमधील बाथ या गावी नेले. तो तेथे संगीत शिकवी आणि फावल्या वेळी दुर्बिणीचे आरसे घडवी. एकदा आरसा घाशीत असता सोळा तास त्याने हात उचलला नाही. कॅरोलिन त्याला घास भरवीत होती. गणित ती भावाकडून शिकली. पाढे मात्र तिला पाठ होईनात. त्यावर तिने साधा उपाय काढला: पाढ्यांचा कागद जवळ ठेवून ती हिशेब करी.

१७८१ मध्ये विल्यमने युरेनस ग्रह शोधला. राजाने त्याला वेतन दिले आणि पुढील वर्षी ही भावंडे डॅचेट या गावी राहावयास गेली. तेथे तेजोमेघांचा शोध सुरू झाला. त्यात मोठी अडचण होती. काळोखाला डोळे सरावण्यास वीस-तीस मिनिटे लागतात. दिव्याकडे क्षणभर पाहिले तरी ती सवय मोडते. दिव्यावाचून टिपण लिहिता येत नाही आणि दिवा पाहिला तर तेजोमेघ दिसत नाही! भावंडांनी काम वाटून घेतले. विल्यम बाहेर अंधारात दुर्बिणीला डोळा लावून उभा राही आणि दिसेल ते मोठ्याने सांगे. आत खिडकीशी दिव्याजवळ बसून कॅरोलिन घड्याळ पाही आणि ते टिपून घेई.

भाऊ घरी नसे तेव्हा ती आपल्या लहान दुर्बिणीतून स्वतः आकाश न्याहाळी. २३ सप्टेंबर १७८३ रोजी शिल्पकार नावाच्या तारकासमूहात तिला एक नवा तेजोमेघ सापडला. त्याच वर्षाच्या अखेरच्या रात्री बर्फावरून धावताना ती पडली आणि दुर्बिणीच्या सांगाड्याचा लोखंडी आकडा तिच्या मांडीत रुतला. जखम खोल होती. तरी उरलेली रात्र ढगाळ गेल्यामुळे भावाचे काम बुडाले नाही, याचेच तिला समाधान वाटले.

कॅरोलिनचा तो तेजोमेघ म्हणजे वस्तुतः असंख्य ताऱ्यांची दीर्घिका आहे, हे आज ज्ञात आहे. तिचा प्रकाश पृथ्वीवर पोहोचण्यास एक कोटीहून अधिक वर्षे लागतात. इंग्लंडात ती क्षितिजालगत दिसते. महाराष्ट्रातून मात्र नोव्हेंबरमध्ये रात्री नऊ-दहाच्या सुमारास दक्षिणेस, क्षितिज आणि माथा यांच्या जवळजवळ मध्यावर येते. गावाच्या दिव्यांपासून दूर गेल्यास लहान दुर्बीणही तिच्या दर्शनास पुरते. मात्र तिच्याकडे थेट न पाहता नजर किंचित बाजूला ठेवावी. कारण डोळ्याच्या मध्यापेक्षा कडेचा भाग मंद प्रकाश अधिक टिपतो. प्रथम काहीच दिसत नाही. धीर धरला म्हणजे हळूहळू एक लांबट, फिकट पट्टा उमटू लागतो.

१७८७ पासून राजाने कॅरोलिनला वर्षाला ५० पौंड वेतन दिले. १८२८ मध्ये इंग्लंडच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने तिला सुवर्णपदक अर्पण केले. ९ जानेवारी १८४८ रोजी, सत्त्याण्णवाव्या वर्षी ती निवर्तली. दुर्बिणीपाशी उभा असलेला विल्यम जगाला लवकर दिसला. खिडकीतल्या दिव्यापाशी लिहीत बसलेली त्याची बहीण दिसण्यास मात्र जगाच्या डोळ्यांना थोडा वेळ लागला.