कृष्णाकाठचे रण आणि भानुदासांचा वंश

सातारा-सांगलीकडच्या वारकरी मंडळींना कृष्णामाईची ओळख नव्याने करून द्यायला नको. महाबळेश्वरी उगम पावून वाईस येते, माहुलीस वेण्णेला भेटते, कऱ्हाडास कोयनेला पोटाशी घेते आणि सांगलीवरून पुढे कर्नाटकात उतरते. आपण हिच्यात स्नान करतो, तांब्या भरतो आणि पंढरीची वाट धरतो. पण हेच पाणी पुढे गेले की तिथे काय काय घडले, ते फार थोड्यांना ठाऊक असते. या पाठात तेवढेच पाहू.

कृष्णा आणि तुंगभद्रा यांच्यामधला मुलूख म्हणजे रायचूरचा दुआब. जमीन सुपीक, रायचूर-मुदगलसारखे बळकट किल्ले. तुंगभद्रेच्या काठी इ. स. १३३६ मध्ये विजयनगरचे राज्य उभे राहिले, आणि १३४७ मध्ये इकडे बहमनी सुलतानी स्थापन झाली. दोघांचा डोळा या दुआबावर. लढायांमागून लढाया झाल्या. बहमनी मोडल्यावर वाई, कऱ्हाड, मिरज हा आपला प्रदेश विजापूरच्या आदिलशाहीत गेला आणि भांडण तसेच चालू राहिले. १५२० मध्ये कृष्णदेवरायांनी रायचूरला इस्माईल आदिलशहाचा मोड केला, तेव्हा पळणारे सैन्य कृष्णेच्या पाण्यात बुडून मेले.

याच कृष्णदेवरायांचे नाव आपण कीर्तनात ऐकतो. त्यांनी पंढरीचा विठ्ठल विजयनगरला नेला आणि पैठणचे भानुदासमहाराज तो परत घेऊन आले, अशी संप्रदायाची परंपरा आहे. हंपीचे विठ्ठलमंदिर आजही उभे आहे. गाभारा मात्र रिकामा. या कथेला समकालीन शिलालेखाचा आधार मिळत नाही, असे अभ्यासक सांगतात. म्हणून कुणी बावरू नये. कथा सांगावी ती परंपरा म्हणून सांगावी, सन-शकांचा दाखला म्हणून नव्हे. तिचे मर्म स्पष्ट आहे: राजाने देव नेला तो वैभवाच्या बळावर, भक्ताने आणला तो प्रेमाच्या बळावर.

आता पुढचे ऐका. विजयनगरची सत्ता रामरायाच्या हाती आली. माणूस हुशार, पण सुलतानांना आपसांत झुंजवण्यात त्याला फार गोडी. आज आदिलशहाला हाताशी धरून अहमदनगरच्या निजामशहावर चाल, तर उद्या दुसरा डाव. त्याच्या फौजेत मुसलमान सरदार होते, सुलतानांच्या फौजांत मराठे होते. गोवळकोंड्याच्या इब्राहिम कुतुबशहाला तर संकटकाळी त्याने विजयनगरात आश्रय दिला होता. अखेर विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडा आणि बीदर हे चौघे एक झाले, आणि त्या चौघांत हा इब्राहिमही होता.

लढाई झाली २३ जानेवारी १५६५ रोजी, शके १४८६ मध्ये. तिला तालिकोटची किंवा राक्षसतंगडीची लढाई म्हणतात. रामरायाच्या लोकांनी कृष्णेचा उतार अडवून धरला होता. सुलतानांनी काठाकाठाने दुसरीकडे निघाल्याचा बहाणा केला. पहारा हलला, तशा फौजा मागे फिरून नदी उतरल्या. वृद्ध रामराया हाती लागला आणि त्याचे शिर उडवले. मुंडके भाल्यावर दिसताच सैन्य फुटले. मग कित्येक महिने विजयनगर लुटले, जाळले, फोडले गेले.

सज्जनहो, कुणी म्हणेल, हे सारे एका धर्माने दुसऱ्याचे केले. देवळे फोडली गेली, हे खोटे नाही. ते झाकूही नये. पण नाशाची वाट आधी गर्वाने आणि कपटाने पाडली होती, हेही तितकेच खरे. अर्धी गोष्ट सांगणारा श्रोत्यांच्या पदरात द्वेष टाकून घरी जातो.

भानुदासांच्या घरात या काळी काय चालले होते, ते पाहा. त्यांचे पणतू एकनाथमहाराज. पैठण निजामशाहीत, विजयनगरवर चालून गेलेल्या चौघांपैकी एकाचे हे राज्य. नाथांच्या मनात कडवटपणा आला असता तर कुणी नवल केले नसते. पण त्यांनी ‘हिंदु-तुर्क संवाद’ लिहिला. त्यात दोघे कडकडून भांडतात, एकमेकांची उणी काढतात आणि शेवटी आलिंगन देतात. तालिकोटनंतर आठ वर्षांनी, १५७३ मध्ये, काशीत त्यांचे भागवत पूर्ण झाले. १५८४ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली.

हत्ती, घोडे, तोफा, खजिने सगळे गेले. विजयनगर गेले, मागोमाग त्या चारही सुलतानी गेल्या. नाथांचे भागवत मात्र आजही घरोघर वाचले जाते, आणि आषाढीला आपण चालतोच आहोत.

तेव्हा यंदा वारीला निघताना कृष्णामाईची ओंजळ घ्याल, तेव्हा एवढे आठवा: हेच पाणी पुढे रणावरून वाहत गेले आहे. आपल्या ओंजळीत असेपर्यंत ते तीर्थ आहे. ते तीर्थच राहावे, ही जबाबदारी आपली.

रामकृष्णहरि.