सोनेरी अक्षरांमागचं लाकूड

जुना स्टाइनवे किंवा बेख्श्टाइन पियानो घेताना आपण पैसे मोजतो नावाचे, आणि घरी येतं ते लाकूड. यात माझे हात पोळले आहेत, म्हणून शब्द जपून वापरण्याच्या मनःस्थितीत मी नाही. झाकणावरची सोनेरी अक्षरं नव्याने चिकटवता येतात, पॉलिशही नवं चढवता येतं. पियानोचा जीव असतो पिनब्लॉकमध्ये, म्हणजे ट्यूनिंगच्या दोनशेहून अधिक पिना ज्या लाकडी ठोकळ्यात घट्ट बसवलेल्या असतात त्यात. ग्रँड पियानोच्या सगळ्या तारांचा ताण मिळून 18 ते 20 टनांच्या घरात जातो. लाकडाची पकड सुटली की तो पेलत नाही, आणि पिनब्लॉक बदलायचा तर तारा उतरवून बिडाची अवजड फ्रेम बाहेर काढावी लागते. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून गिऱ्हाईक यायच्या आदल्या दिवशी ट्यूनर येऊन गेलेला असतो. सैल पिनाही दोन दिवस सूर धरतात, आणि विकणाऱ्याला तेवढेच दिवस हवे असतात. कधी पिनांच्या मुळाशी पातळ सुपरग्लू सोडलेला असतो. दुरुस्ती म्हणून ते चालतं, पण मग ते सांगायला हवं आणि किंमतही उतरायला हवी. लपवलं तर ती सरळ फसवणूक आहे.

यावर लोक म्हणतात, जुनं व्हायोलिन मुरतं तसा पियानोही मुरतो. हे खरं नाही. पियानोचा साउंडबोर्ड किंचित फुगीर बनवलेला असतो आणि तारा त्याला सतत खाली दाबत असतात. वर्षानुवर्षांनी तो फुगीरपणा ओसरतो, हॅमरचं फेल्ट कडक होऊन त्यावर तारांच्या खाचा पडतात. दुसरा आक्षेप असा, की उत्तम कंपनीचं वाद्य कधीही दुरुस्त होतं. होतं, पण खर्च कुणी करायचा? आणि कंपनीचं नाव म्हणजे सगळ्या काळातला एकच दर्जा नव्हे. न्यूयॉर्कच्या स्टाइनवेने 1962 पासून सुमारे दोन दशकं अ‍ॅक्शनच्या, म्हणजे पट्टी आणि हॅमर जोडणाऱ्या यंत्रणेच्या, सांध्यांत कापडाऐवजी टेफ्लॉनची बुशिंग वापरली. लाकूड हवेप्रमाणे फुगतं-आकसतं, टेफ्लॉन नाही. त्यातून सांधे आवळतात किंवा खुटखुटतात. हॅम्बुर्गच्या कारखान्याने हा बदल स्वीकारलाच नाही. मुंबई-गोव्याच्या दमट हवेत हा फरक कानाला जाणवतो, म्हणून फ्रेमवरचा अनुक्रमांक उतरवून घ्या आणि वाद्य कुठलं, कोणत्या वर्षीचं, ते कंपनीच्या यादीत स्वतः पाहा.

तंत्रज्ञ आपला न्यावा, विकणाऱ्याने सुचवलेला कधीच नाही. त्याला प्रत्येक पिन किल्लीने तपासू द्या. मध्य सप्तकातला ए 440 हर्ट्झला आहे का, हे फोनवरच्या ट्यूनरवरही दिसतं. अख्खं वाद्य सारखंच उतरलेलं असेल तर ते बरेच दिवस दुर्लक्षित आहे. एकाच स्वराच्या तीन तारा आपसांत फुटत असतील तर संशय पिनांवर घ्या. दोन आठवड्यांनी, मध्ये ट्यूनिंग होऊ न देता, पुन्हा ऐका. जमलं तर जुलैत पाहा, मे महिन्यात नको. फुगून अडकणाऱ्या पट्ट्या उन्हाळ्यात सुतासारख्या चालतात. फार जुन्या वाद्याच्या पट्ट्यांवर हस्तिदंत असू शकतो. आपल्याकडे 1991 च्या कायदादुरुस्तीने आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंताचा व्यापारही बंद झाला, त्यामुळे अशा वाद्याच्या वाटेला जाऊच नका. सगळं लेखी घ्या. ‘रिबिल्ट’ हा शब्द कागदावर असेल तर नवं काय काय बसवलं याची यादी मागा, कारण नुसत्या तारा बदलूनही तो शब्द सर्रास वापरला जातो. एवढं मागितल्यावर ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ असं विचारलं जाईल, बहुतेक दुखावलेल्या आवाजात. तो आवाज ऐकून बहुतेकजण तंत्रज्ञाला परत पाठवतात. तुम्ही पाठवू नका; पिना तपासून होईपर्यंत तिथेच उभे राहा.