काटा, शहारा आणि ऐकणं

आजचा श्लोक: गीता, अध्याय १८, श्लोक ७४

आजच्या श्लोकात संजय धृतराष्ट्राला म्हणतो की, कृष्ण आणि अर्जुन यांचा हा अद्भुत, अंगावर रोमांच उभे करणारा संवाद मी ऐकला. मूळ शब्द आहे ‘रोमहर्षण’. हा काटा गीतेत आधीही भेटतो. पहिल्या अध्यायात (१.२९) समोर आप्त पाहून अर्जुनाच्या अंगावर येतो, तो विषादाचा. अकराव्यात (११.१४) विश्वरूप पाहून येतो, तो विस्मयाचा. पण संजयाचा काटा ऐकण्यातून आलेला आहे.

आता जरा विषयांतर वाटेल, पण चालवून घ्या. रिलीजच्या आठवड्यात मला झोप लागत नाही. मग मी हेडफोन लावून कुजबुजीचे व्हिडिओ ऐकतो. कोणी हळू आवाजात बोलतं, कोणी ब्रशने माइक कुरवाळतं. डोक्यात गोड मुंग्या येतात, मानेवरून खाली उतरतात. याला ‘एएसएमआर’ म्हणतात. हे नाव जेनिफर ॲलन यांनी २०१० मध्ये दिलं. २०१५ मध्ये बॅरट आणि डेव्हिस यांनी हा अनुभव येणाऱ्या ४७५ जणांना विचारलं, तेव्हा ७५ टक्के लोकांनी कुजबुज सांगितली आणि ६९ टक्के लोकांनी आपल्याकडे कोणीतरी हळुवार लक्ष देणं. २०१८ च्या एका प्रयोगात असे व्हिडिओ पाहताना या लोकांचे हृदयाचे ठोके मिनिटाला सरासरी तीनने कमी झाले. सगळ्यांना हे होत नाही. माझ्या बायकोला तर तो आवाज ऐकून चीडच येते!

अनुभव मात्र जुनाच आहे. आजी सुपात तांदूळ पाखडायची तो आवाज, केस कापताना कानामागची कात्री, आईचे केसांत फिरणारे तेलाचे हात. तेव्हा नाव नव्हतं, इतकंच.

म्हणून संजयाला एएसएमआर झालं असं मी म्हणत नाही. ही शरीराला मिळालेली विश्रांती आहे. भक्तीचं माप मुंग्यांनी होत नाही. मला अडवलं ते त्या ६९ टक्क्यांनी. आपल्याला लक्ष हवं असतं. मग आपण ते देतो का?

दोनच श्लोक आधी (१८.७२) कृष्ण अर्जुनाला विचारतो की, हे तू एकाग्र चित्ताने ऐकलंस ना? अठरा अध्याय सांगून झाल्यावर हा प्रश्न! आणि धृतराष्ट्र बघा. संजयाच्या तोंडून तोही सगळं ऐकत होता. पण गीतेत त्याचा एकच श्लोक आहे, अगदी पहिला, आणि त्यातही ‘माझे’ आणि ‘पांडूचे’ हा भेद. त्याच्या अंगावर काटा आला, असं गीता कुठे सांगत नाही.

गेल्या रविवारी आईचा फोन आला होता. मी तो स्पीकरवर ठेवून लॉग बघत होतो आणि मधेमधे “हं, हं” करत होतो. शेवटी ती म्हणाली, “असू दे, कामात असशील.” बुधवारी ताईकडून कळलं की आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख ठरली आहे. ती मला रविवारीच सांगितली होती म्हणे.

परक्या माणसाची कुजबुज मी हेडफोन लावून, डोळे मिटून ऐकतो, आणि आईचं बोलणं स्पीकरवर. आज या श्लोकासमोर बसलो, तेव्हा धृतराष्ट्र काही लांबचा वाटला नाही.

ऑपरेशन सोमवारी आहे. रजा टाकली आहे, उद्या रात्रीच्या गाडीने निघतोय.

आजचा अभ्यास: घरातल्या एका माणसाचं बोलणं दहा मिनिटं, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून ऐका. मधे बोलू नका, सल्ला देऊ नका. काटा आला नाही तरी चालेल.

राम कृष्ण हरी.